शेजारच्यांच्या कोंबड्या

५ फेब्रुवारी

मामी आल्या. निफाडजवळच्या मळ्यातून म्हसरूळपर्यंत छोट्या हत्ती टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसून. सामान बेताचं. एक ट्रंक, टोमॅटोच्या दोन कॅरेटांत भरलेली भांडी, तांदळाची गोणी, आणि मागे डालग्याखाली तीन कोंबड्या. उज्वलाने मला भांड्यांबद्दल सांगितलं होतं. कोंबड्यांचा उल्लेख तिच्याकडून राहून गेला. बायको बँकेत असल्याने राहून गेलेल्या गोष्टी तिच्या फार नसतात, म्हणून नोंदवतो.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, चतुराबाई. गेल्या वर्षी मामा गेले. तेव्हापासून मळ्यातल्या घरात त्या एकट्या, आणि गुडघा धरतो. उज्वलाने वर्षभर विनवण्या केल्यावर ‘होळीपर्यंत ऱ्हाते, मग बघू’ एवढ्यावर तडजोड झाली. आज उज्वलाने मला गच्चीवर नेऊन बजावलं की या वेळी आई परत गेली तर पुन्हा येणार नाही. ती तिकडे एकटीच राहील, एक दिवस न्हाणीत पडेल, आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी कळेल. “तुम्ही फक्त नीट वागा,” असंही म्हणाली.

मी नीटच वागतो. सव्वीस वर्षांत मामींशी एक वाकडा शब्द बोललेलो नाही. सरळ शब्दही फारसे नाहीत, पण ती रीत आहे. जावई समोर आला की त्यांचा पदर कपाळावर येतो आणि बोलणं बंद होतं. जे सांगायचं ते उज्वलामार्फत. आज उज्वला गोणी उचलायला बाहेर होती, तर मामी कोंबडीला म्हणाल्या, “सरपंचिणे, उठ त्या चपलांवरून. शिकलेल्या मान्साच्या चपला हायेत त्या.”

तिघींची नावं मामांनी ठेवलेली आहेत. ठिपकी, काळी आणि सरपंचीण. शेवटची सर्वांत पुढे चालते आणि कुठेही पोचत नाही.

७ फेब्रुवारी

कोंबड्यांना माझी हरकत नाही, हे लिहून ठेवतो. अंडी मी खातो. म्हणजे घरात, रस्त्याकडची खिडकी लावून.

खिडकी लावायची सवय जुनी आहे. आमचं घर भाजी पिकवणाऱ्यांचं. त्या घरातला मुलगा पंचवटीतल्या पाठशाळेत संस्कृत शिकायला गेला, तिथे बाकीची मुलं पिढीजात पठण करणाऱ्या घरांतली. तू काय खातोस असं मला कोणी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. न विचारण्या-सांगण्याच्या या व्यवस्थेवर माझी सगळी प्रतिष्ठा उभी आहे. आता मी एका साप्ताहिकाचा नाशिकचा वार्ताहर आहे, ‘नाशिकहून’ असं सदर लिहितो, लोकांच्या हौशीमौजांची हलक्या हाताने थट्टा करतो, आणि आमच्या संस्कृत वाचनमंडळात मला मान आहे.

तर कोंबड्या. काल काळीने माझ्या बुटात अंडं घालायचा प्रयत्न केला. उज्वला म्हणाली, त्यांना बसायला जागा हवी. बाजारात तयार लाकडी खुराडी मिळतात. पण मागच्या पडवीत आपल्याकडे इतके डबे पडलेत की विकत काही आणायची मला लाज वाटली. मामींची भांडी फडताळात गेल्यावर कॅरेट रिकामी झाली आहेत. शिवाय तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आहे. कुक्कुटनिवास मीच बांधणार, असं जाहीर केलं. उज्वला “बरं” म्हणाली. तिच्या त्या ‘बरं’त आमचा संसार चालला आहे.

९ फेब्रुवारी

पूर्ण रविवार डब्यात गेला.

आधी डबा आडवा करून तोंडाकडचा पत्रा कात्रीने कापला. कापलेली कडा सुरीसारखी, तेव्हा ती हातोडीने आत वळवली. बागेचा फाटका रबरी पाइप उभा चिरून कडेवर बसवला, म्हणजे पिसं कापायला नकोत. पुढे लाकडाची पट्टी ठोकून उंबरठा केला, अंडं घरंगळून बाहेर येऊ नये म्हणून. मागे खिळ्याने हवेसाठी भोकं पाडली. वर उतरतं छप्पर हवं, नाहीतर त्या छपरावरच बसतात आणि सगळं घाण करतात. त्याला वाढदिवसाच्या एका जुन्या फ्लेक्सचा तुकडा लावला. त्यावर कोणा युवा नेत्याची हनुवटी आली आहे. ती मुद्दाम ठेवलेली नाही.

कॅरेटांचं काम सोपं. आडवी करून मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली विटांवर ठेवायची, आणि जाळी असल्याने बाहेरून गोणपाट लावायचं, कारण कोंबडीला आत अंधार आणि एकांत लागतो. गोणपाट मामींनी दाभणाने शिवलं. कॅरेटांच्या एका बाजूवर लाल रंगात मामांचं नाव आहे, कारभारी. बाजार समितीत कॅरेट दुसऱ्याच्या गाडीत जाऊ नयेत म्हणून सगळेच शेतकरी नाव घालतात. अक्षर मामांचंच. रकार पडायच्या बेतात. मामींनी तेवढी बाजू गोणपाटाशिवाय ठेवली. मी म्हटलं (उज्वलाला), तिथून उजेड येईल. उत्तर कोंबडीला मिळालं. “येऊ दे की गं थोडा. तुला कुठं पोथी वाचायचीय.”

डबा मात्र मामींनी वाकून आतबाहेर पाहिला. मग ठिपकीला म्हणाल्या, “घर लय ऐटीचं हाय. पर शेपूट कुठं ठेवशील?”

उज्वला एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. आई आल्यापासून पहिल्यांदाच. मी रागावल्यासारखं केलं. रागावलो नव्हतो.

१३ फेब्रुवारी

तीन घरं, तीन कोंबड्या. गणित माझं बरोबर होतं. पण तिघींना डावीकडचंच कॅरेट हवं आहे. सकाळी ठिपकी आत, काळी दारात रांगेत, आणि सरपंचीण दोघींना शिव्या देत फेऱ्या मारते. उजवीकडचं कॅरेट रिकामं. डब्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मी डब्यात भुसा बदलला, खुणेचं अंडं म्हणून टेबल टेनिसचा चेंडू ठेवला. सरपंचिणीने तो बाहेर काढून अंगणभर फिरवला.

पण आज डाव्या कॅरेटमध्ये अंडं होतं. कोमट. मामींनी ते पदरात घेऊन आणलं आणि ओट्यावर ठेवताना, उज्वला नसताना, मला ऐकू जाईल इतपत म्हणाल्या, “घर बांधणाऱ्याला पयलं.” खिडकी लावून खाल्लं.

शेजारच्या मीनावहिनी भिंतीवरून डोकावून घरं पाहून गेल्या. त्यांची मखमलाबादकडे झेंडूची शेती आहे. रिकामे क्रेट त्यांच्याकडेही पडलेत, म्हणाल्या, आम्हालाही एक बनवून द्या की भाऊ. मला बरं वाटलं. ते इथे लिहायला हरकत नाही, कारण इथे कोणी वाचत नाही.

१६ फेब्रुवारी

सदराला या आठवड्यात विषय नव्हता. महापालिकेने कोणाला निराश केलं नव्हतं. म्हणून कोंबड्यांच्या घरांवर लिहिलं. तेलाचा डबा, हनुवटी, शेपूट, सगळं घेतलं. चांगलं जमलं. फक्त ‘आमच्या परिचयातील एका सद्गृहस्थांनी’ असं लिहिलं, ‘त्यांच्या गावाकडून आलेल्या नातलग बाईंनी’ वगैरे. सदरात स्वतःला फार आणू नये, हा माझा नियम आहे.

असा नियम मी यापूर्वी पाळलेला नाही. गेल्या वर्षी माझ्या दाढेवर अख्खं सदर होतं.

१९ फेब्रुवारी

अंक आला. उज्वला दर आठवड्याला सदर मामींना फोनवर वाचून दाखवायची. आता समोरच बसवून वाचलं. शेपटाच्या ठिकाणी मामी हसल्या. शेवटी म्हणाल्या, हे परिचित कोण? उज्वलाने माझ्याकडे पाहिलं. मी लिहिण्याची पद्धत असते असं काहीतरी म्हणालो.

नंतर अंगणात दाणे टाकताना त्या ठिपकीशी बोलत होत्या. “कुनाच्या गं तुम्ही? इचारलं तर सांगता यायला हवं बायांनो.”

म्हातारपणी माणसं जनावरांशी फार बोलू लागतात. मन रमतंय, हे चांगलं लक्षण. उज्वलाला तसं सांगितलं. ती “बरं” म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज वाचनमंडळ आमच्याकडे होतं. आळीपाळीने प्रत्येकाकडे असतं. गायधनी सर, म्हणजे माझे पाठशाळेतले गुरुजी, निवृत्त झाले तरी आमच्यासाठी अजून खडू हातात असल्यासारखे बसतात. आणखी चौघे. मी सकाळीच कोंबड्यांना डालग्याखाली झाकायचं सुचवलं होतं. उज्वला म्हणाली, अंड्याची वेळ आहे, कोंडू नका.

सर्ग सुरू झाला. उकाड्यामुळे मागचं दार उघडं. सर वर्षाऋतूचं वर्णन लावत होते, मोर, मेघ, केकारव, आणि नेमकं तेव्हा ठिपकीने अंडं घातलं. अंडं घातल्यावर कोंबडी जगाला सांगते. चांगलं पाच मिनिटं सांगते. सरांनी चष्मा वर केला.

“शेखर, हे काय?”

“शेजारच्यांच्या,” मी म्हणालो.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण चौघे माझ्याकडे पाहत होते, म्हणून पुढे म्हणालो, “काही लोकांना शहरात राहायचं कळत नाही.” सगळे हसले. सरही हसले. वाचन पुढे गेलं, आणि नंतर मी दोन शंका अशा काढल्या की सर खूश झाले.

मामी तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. कपांचा आवाज येत होता, त्या अर्थी काही ऐकू गेलं नसावं. चहाचा ट्रे उज्वला घेऊन आली. माझ्याकडे न बघता माझा कप माझ्यापुढे ठेवला. साखर नव्हती.

२४ फेब्रुवारी

एक चमत्कारच. मामींनी कोंबड्या मीनावहिनींना देऊन टाकल्या. तिन्ही, आणि भुशाची गोणी. सकाळी उठलो तर अंगण रिकामं. उज्वलाला विचारलं, ती अंबाड्यात पिन खोचत “आईला विचारा,” म्हणाली, जणू सव्वीस वर्षांत मी तसं कधी केलंय.

गुडघ्यामुळे त्रास होत असेल. वाकून दाणे टाकायचे, भुसा बदलायचा. माझ्या दृष्टीने उत्तमच झालं. कोणाला न दुखवता मिटलं. सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना जरा कसंसं होतंय, पण कशामुळे ते कळत नाही. उन्हामुळे असेल.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. पहाटेपासून त्र्यंबकला, रांगेची बातमी. परत आल्यावर मागे हात-पाय धुताना पाहिलं, मामांचं नाव असलेल्या बाजूवरही मामींनी गोणपाट शिवून टाकलं आहे. दोन्ही कॅरेटांना. टाका इतका बारीक की ओळीने मुंग्या चालल्यासारखा. आता कोंबड्याच नाहीत तर उजेड कोणासाठी अडवायचा? पण म्हाताऱ्या माणसांना काम लागतं.

२८ फेब्रुवारी

कोंबड्यांना भिंत म्हणजे काय हे समजावलेलं दिसत नाही. मीनावहिनींनी त्यांच्यासाठी छान टोपली मांडली आहे, तरी ठिपकी आज भिंतीवरून उडून आली, डाव्या कॅरेटमध्ये बसली, अंडं घातलं, सांगायचं ते सांगितलं आणि परत गेली. मामींनी अंडं उचललं, वाटीत ठेवलं आणि लंगडत पुढच्या दाराने, गल्लीतून वळसा घालून शेजारी देऊन आल्या. भिंतीवरून दिलं असतं तरी चाललं असतं.

१ मार्च

काल ठिपकीनंतर काळीही, आज पुन्हा ठिपकी. मामी पुन्हा वाटी घेऊन निघाल्या. गुडघ्यामुळे पुढच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागतं त्यांना. मला बघवेना, म्हणून त्या परत आल्यावर मी मीनावहिनींकडे गेलो. म्हटलं, वहिनी, एवढ्याशा अंड्यासाठी त्यांना चालायला लावू नका, राहू द्या ते आमच्याकडेच.

मीनावहिनी ओटीवर झेंडू निवडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “मी तेच म्हणते त्यांना दर वेळी. त्या ऐकत नाहीत. म्हणतात, अंडं शेजारच्यांचं हाय, आमच्यात कसं ठेवू.”

मी विचारलं, पण दिल्याच का त्यांनी?

आता त्यांचे हात थांबले. “भाऊ, तुम्हाला खरंच माहीत नाही? त्या दिवशी सकाळी डालगं घेऊन आल्या. मी म्हटलं, आजी, एवढ्या लाडाच्या कोंबड्या. तर म्हणाल्या, जावयाने चार माणसांत सांगितलं शेजारच्यांच्या हायेत म्हणून. त्याचा शब्द खोटा पडायला नको.”

झेंडूची एक पाकळी माझ्या चपलेवर पडली होती. ती मी बराच वेळ पाहिली. मग घरी आलो. पुढच्या दाराने यायचं धैर्य झालं नाही, पण गल्लीकडून दुसरं दार नव्हतं.

२ मार्च

वरचं सगळं परत वाचलं. २३ तारखेपासूनचं. एवढा मठ्ठ माणूस गेली काही वर्षं साप्ताहिकात इतरांची थट्टा करतो.

तो कपांचा आवाज. मामी कप विसळत नव्हत्या. त्या चहाचा ट्रे उचलून दारापर्यंत आल्या होत्या, आणि माझं बोलणं ऐकून ट्रेसकट मागे फिरल्या, त्याचा तो आवाज. हे मला आज उज्वलाने सांगितलं. त्या पहिल्यांदाच माझ्या पाहुण्यांना चहा द्यायला बाहेर येणार होत्या. नवीन पातळ नेसल्या होत्या. उज्वलानेच आग्रह केला होता, आता तू या घरातली, ये बाहेर म्हणून.

गोणपाटाचंही आता कळलं. माझ्या कोणा पाहुण्याला कॅरेटवरचं नाव दिसून मी उघडा पडू नये, म्हणून त्यांनी स्वतःच्या नवऱ्याचं नाव शिवून टाकलं.

मी उज्वलाला म्हटलं, तू तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, “आईने शपथ घातली. आणि मला बघायचं होतं, तुम्हाला आपणहून कळतं का.” मग म्हणाली, आईने ट्रंक भरायला घेतली आहे. होळीला मळ्यात जाणार. कारण विचारलं तर म्हणते, पोरी, तुझं घर चांगलं हाय, मी इथं खपत नाय.

५ मार्च

माफी मागायची तर मागू कशी? दोनदा प्रयत्न केला. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून घसा खाकरला की पदर कपाळावर येतो आणि मामी न्हाणीकडे निघतात. जावयाने सासूची माफी मागणं म्हणजे त्यांच्या लेखी आणखी एक संकट. उज्वला निरोप न्यायला तयार नाही. तुमचं तोंड, तुमचे शब्द, म्हणाली.

शेवटी आज सकाळी ठिपकी आली तेव्हा मी पेरूखाली गेलो. मामी पडवीत तांदूळ निवडत होत्या, पाठ माझ्याकडे. मी कॅरेटसमोर उकिडवा बसलो. आयुष्यभर मी भाषेवर पोट भरलं, आणि कोंबडीपुढे एक वाक्य सुचेना.

“ठिपके,” मी म्हणालो, “तू आमची आहेस. मी खोटं बोललो. मला लाज वाटली होती. तुझी नाही. माझीच, कुठून आलो त्याची. आणि त्यापायी मी तुझ्या घरच्यांना नाव ठेवलं.”

ठिपकीने मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिलं. सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला होता. मग मागून, पाठ न वळवता, मामी बोलल्या. त्याही ठिपकीशीच.

“ऐकलं गं. पर चार मान्सांत बोललेलं पेरूखाली कसं फिटंल?”

त्या उठल्या, अंडं घेतलं, वाटीत ठेवलं आणि पुढच्या दाराने निघाल्या.

७ मार्च

गायधनी सरांना फोन केला. म्हटलं, सर्ग अर्धा राहिलाय, या रविवारीही आमच्याकडेच बसू. सर म्हणाले, पाळी माझी आहे. मी हट्ट धरला. त्यांना वाटलं मला अभ्यासाची फार ओढ लागली. तसंच वाटू दिलं. म्हणजे हेही खोटंच.

९ मार्च, रविवार

जे ठरवलं होतं ते असं. मंडळाला मागच्या पडवीत बसवायचं, कोंबडी ओरडली की सर विचारतील, आणि मी सांगेन. सगळं कोंबडीवर सोपवलं होतं.

कोंबडी आलीच नाही. सतरंज्या घातल्या, सर्ग लागला, ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मी श्लोकाकडे कमी आणि भिंतीकडे जास्त पाहत होतो. पलीकडे सरपंचिणीचा आवाज यायचा, तोही राजकीय, अंड्याचा नव्हे. दोनदा सरांनी मला अर्थ विचारला. दोनदा चुकलो. सर्ग संपला. चहा झाला, ट्रे उज्वलाने आणला. सर्वांनी पुस्तकं मिटली. सर उठले, पायरीवर जाऊन त्यांनी एक चप्पल पायात घातली.

मला वाटलं, गेलं. आता गेलं तर कायमचं. होळी गुरुवारी आहे.

“सर, त्या कोंबड्या आमच्या आहेत.”

सर वळले. “कुठल्या कोंबड्या?”

त्यांना आठवतही नव्हतं. ज्या माणसाच्या धास्तीने तीस वर्षं मी खिडकी लावून जेवलो, त्याला ती कोंबडी दुसऱ्या दिवशीही लक्षात नसणार. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. कोंबडी ओरडली होती ते, मी शेजारच्यांच्या म्हणालो ते, तुम्ही हसलात ते. चौघे पुस्तकं काखेत धरून उभे. माझे कान तापले होते.

“माझ्या सासूबाईंच्या आहेत,” मी म्हणालो, “माझ्या सासऱ्यांनी पाळलेल्या. ही त्यांची घरं, मी बनवली आहेत. शहरात राहायचं कळत नाही असंही मी म्हणालो होतो. ते माझ्या सासूबाईंबद्दल झालं. त्यांनी ते ऐकलं.”

सर एका पायात चप्पल घालून उभे होते. पेरूखालच्या डब्याकडे, त्या हनुवटीकडे त्यांनी पाहिलं.

“एवढं सांगायला अख्खा सर्ग वाचायला लावलास?”

“हो.”

“मी हसलो होतो म्हणालास?”

“हो, सर.”

“मला आठवत नाही,” सर म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराकडे तोंड करून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हणाले, “पण हसायला नको होतं, बाई. चुकलं.”

आत कपांचा आवाज चालू होता. तो थांबला.

ते गेल्यावर मी पडवीत बसून राहिलो. हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. त्या रविवारी नव्हती तेवढी लाज आज वाटत होती, कारण आता ती एकट्याची राहिली नव्हती.

१० मार्च

सकाळी मीनावहिनी डालगं घेऊन पुढच्या दाराने आल्या. “घ्या तुमच्या,” म्हणाल्या, “माझी टोपली एकीलाही पसंत नाही.” त्यांना एक घर बनवून द्यायचं कबूल केलं. डब्याचं नको म्हणाल्या.

मी ब्लेड घेऊन पेरूखाली बसलो आणि गोणपाटाचे टाके उसवू लागलो. मामींचा टाका, सहज सुटेना. मामी पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या, पदर कपाळावर. माझ्याशी बोलल्या नाहीत. कोंबड्यांशीही नाही. गोणपाट खाली आलं आणि लाल अक्षरं दिसू लागली, तो पडायच्या बेतातला रकार आधी.

मग त्या काळीला म्हणाल्या, अगदी हळू, “धनी दिसले का गं?”

मी दुसऱ्या कॅरेटचे टाके उसवायला घेतले, म्हणजे वर बघावं लागणार नाही.

ट्रंक अजून दाराशीच आहे.

१२ मार्च

सदराला शुद्धिपत्र पाठवलं. परिचित सद्गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक, आणि नातलग बाई म्हणजे त्याच्या सासूबाई श्रीमती चतुराबाई. संपादकांचा फोन आला, कोंबड्यांच्या खुराड्याचं शुद्धिपत्र कोण वाचणार? मी म्हटलं, एक वाचक आहे. म्हणजे, ऐकणारी.

१३ मार्च

होळी. पुरण झालं. गाडी कधी बोलवायची, हे उज्वलाने विचारलं नाही आणि मामींनी सांगितलं नाही. संध्याकाळी गल्लीत होळी पेटली तेव्हा मामी मीनावहिनींबरोबर नैवेद्य घेऊन गेल्या होत्या. कोणीतरी नव्या बाईने विचारलं, तुम्ही कोणाकडच्या? मी मागेच उभा होतो. मामींनी नैवेद्याचं ताट सावरलं. “त्या कोंबड्यावाल्यांकडच्या,” म्हणाल्या.

१६ मार्च

ठिपकी खुडूक झाली. डाव्या कॅरेटमध्ये फुगून बसली आहे, उठवायला गेलं तर चोच मारते. उज्वला म्हणाली, बसू द्या, अंडी ठेवू खाली. मामी ठिपकीवर चिडल्या. “आत्ताच सुचलं का गं तुला? आता पिल्लं निघून पंखाखालून बाहेर पडंस्तवर माझं जाणं कसं व्हायचं?” एवढं म्हणून त्यांनी मीनावहिनींच्या जावेकडून, तिच्याकडे कोंबडा आहे, चांगली अंडी आणवली, आणि ट्रंक दारातून हलवून आतल्या खोलीत कॉटखाली नेली. स्वतः. मला हात लावू दिला नाही.

काळी बिचारी उजव्या कॅरेटमध्ये गेली. सरपंचिणीला जागाच उरली नाही, तेव्हा ती आज पहिल्यांदा डब्यात शिरली. शेपूट बाहेर राहतं. अंडं आत पडलं.

ते मामींनी माझ्यासाठी केलं, कांदा आणि हिरवी मिरची घालून. तव्यावर पडताच घरभर वास सुटला. मी पेपर वाचत होतो. उठलो, रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेलो आणि कडीला हात घातला. हे माझ्या लक्षात येईपर्यंत अर्धी खिडकी लागली होती.

मागे स्वयंपाकघरात उलथनं थांबलं. तिथे एकही कोंबडी नव्हती, उज्वलाही नव्हती.

“ऱ्हाऊ दे गं उघडी,” मामी म्हणाल्या. “लय धूर झालाय.”